धरमपेठेतील वैमानिकांचा शोकगट : सहा बैठकांनंतरचा अभिप्राय

ज्या सेवेविषयी हा अभिप्राय आहे तिची पाटी कोठेही लावलेली नाही. नागपूरच्या धरमपेठेत एका दंतवैद्याच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या बुधवारी सायंकाळी साडेसहा ते साडेआठ या वेळेत, हवाई अपघातात सहकारी किंवा घरचे माणूस गमावलेल्यांची बैठक भरते. ती चालवणाऱ्या समुपदेशक बाईंची इच्छा अशी आहे की पत्ता तोंडोतोंडीच जावा, म्हणून नाव मी येथे देत नाही; उड्डाणाच्या क्षेत्रातील कोणालाही दोन फोन केल्यास तो मिळतो. शुल्क दर बैठकीस ५०० रुपये असून सहा बैठकांचे एकदम भरावे लागते. प्रशिक्षणार्थी आणि दिवंगत वैमानिकांच्या पत्नी यांना ते माफ आहे. मी जानेवारीपासून मार्चअखेरपर्यंतच्या सहाही बैठकांना हजर होतो.

अभिप्राय देणारा कोण, हे सांगितल्याशिवाय अशा सेवेच्या अभिप्रायाला अर्थ नाही. मी हवाई दलात एकवीस वर्षे काढली, त्यांतील बहुतेक मिग-२१ या लढाऊ विमानावर, आणि त्यानंतर काही वर्षे नागरी उड्डाण प्रशिक्षण दिले. ज्यांच्याबरोबर एकाच क्रू रूममध्ये चहा घेतला त्यांपैकी सहा जण विमानासह गेले. २०१२ साली तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितले होते की १९७१-७२ पासून त्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत मिग जातीच्या विमानांचे ४८२ अपघात झाले आणि त्यांत १७१ वैमानिक मृत्युमुखी पडले. हा आकडा वर्तमानपत्रांनी पुढे कितीतरी वेळा छापला. त्या १७१ पैकी चौघांच्या लग्नात मी जेवलो आहे.

आमच्या काळी या दुःखाची व्यवस्था ठरलेली होती. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी, हवामान चांगले असेल तर, स्क्वॉड्रनचे उड्डाण पुन्हा सुरू होई आणि पहिली सॉर्टी, म्हणजे उड्डाणफेरी, बहुधा कमांडिंग ऑफिसर स्वतः घेत, म्हणजे पोरांच्या मनात विमानाविषयी किंतु राहू नये. संध्याकाळी मेसच्या बारमध्ये गेलेल्याच्या फजितीच्या गोष्टी निघत. त्यापुढचे काम प्रत्येक जण आपापल्या डोक्यात करी, आणि ते काम म्हणजे गेलेल्याची चूक शोधणे. त्याने वळणात वेग उतरू दिला, त्याने इजेक्ट व्हायला, म्हणजे आसनासह विमानाबाहेर पडायला, दोन सेकंद उशीर केला, तो धावपट्टी सोडायला तयार नव्हता. असे काही एक सापडले की झोप लागत असे, कारण ती चूक आपण करणार नाही अशी स्वतःची खात्री पटवता येई. हा आधार खोटा होता असे मी म्हणत नाही. त्यावरच आम्ही पुढच्या सॉर्टीला बसू शकलो. मात्र प्रत्येक मित्राला आम्ही दोनदा पुरले, एकदा मातीत आणि एकदा त्याच्या चुकीखाली, हे मला या गटात बसेपर्यंत शब्दांत मांडता आले नव्हते.

मी तेथे जाण्याचे कारण अहमदाबाद. १२ जून २०२५ रोजी लंडनकडे निघालेले एअर इंडियाचे ड्रीमलायनर विमान उड्डाणानंतर काही सेकंदांतच वसतिगृहावर कोसळले आणि विमानातील २४२ पैकी एकच प्रवासी वाचला. त्या दोन वैमानिकांना मी ओळखत नव्हतो. तरीही ती चित्रफीत मी दिवसाकाठी वीस-वीस वेळा पाहू लागलो, इतकी की शेवटी घरी हिने माझ्या हातून रिमोट काढून घेतला. महिन्याने विमान अपघात तपास विभागाचा प्राथमिक अहवाल आला, इंधनाचे दोन्ही स्विच एका पाठोपाठ बंद स्थितीत गेल्याचे आणि एका वैमानिकाने दुसऱ्याला त्याबद्दल विचारल्याचे त्यात आले, आणि चूक वैमानिकाची की यंत्राची यावर आमच्या कोर्सच्या, म्हणजे हवाई दलात एकत्र शिकलेल्यांच्या, गटात लगेच दोन तट पडले. सत्तरीकडे झुकलेली माणसे रात्री दीड वाजता स्विचच्या रचनेवर भांडत होती. तेव्हा माझ्या लक्षात आले की हे भांडण अहमदाबादचे नाही, १९८० आणि १९९० च्या दशकांत जे बोलायचे राहिले ते आता निघते आहे. धाकट्या मुलीने पत्ता आणून दिला आणि पहिल्या दिवशी ती स्वतः सोडायला आली. बहुधा मी मधूनच परत फिरेन अशी तिला शंका असावी.

खोली साधी आहे. दहा-बारा प्लास्टिकच्या खुर्च्या, एक टेबल, त्यावर पाण्याचा स्टीलचा जग आणि पालथे घातलेले पेले. खिडकी रस्त्याकडे उघडते आणि सात-सव्वासातच्या सुमारास सोनेगाव विमानतळावर उतरणाऱ्या एखाद्या विमानाचा आवाज आत येतो. पहिल्याच दिवशी एक गृहस्थ बोलत असताना तो आला आणि ते वाक्याच्या मध्ये थांबले. आम्ही सगळेच थांबलो. कोणी वर पाहिले नाही. सगळ्यांचे कान इंजिनाच्या आवाजावर होते, आणि तो एकसुरी राहून दूर गेल्यावर त्यांनी वाक्य जेथे सोडले होते तेथूनच पुढे उचलले. बाईंनी या थांबण्यावर काही भाष्य केले नाही. त्यांच्याविषयी माझे मत तेथेच चांगले झाले.

बाईंच्या पद्धतीत दोन गोष्टी मला विचारपूर्वक ठरवलेल्या वाटल्या. एक म्हणजे, अपघाताला तीन महिने झाल्याशिवाय त्या कोणाला गटात घेत नाहीत. अपघातानंतर लगेच सगळ्यांना एका खोलीत बसवून एकाच बैठकीत मन मोकळे करायला लावण्याची पद्धत जगभर बरीच वर्षे चालली; पण वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २००२ च्या आढाव्यात अशा एकवेळच्या बैठकीने पुढचा मानसिक आघात टळत असल्याचा पुरावा मिळाला नाही, उलट काहींना त्रासच झाल्याचे दिसले. बाईंना हे ठाऊक आहे. ताज्या दुःखातल्या माणसाला त्या आधी एकट्यालाच भेटतात, झोप, जेवण आणि घरचे सोबतीला कोण एवढेच पाहतात आणि गरज वाटल्यास मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवतात.

दुसरी गोष्ट म्हणजे पहिल्या दोन बैठकांत अपघाताचे कारण बोलायला मनाई आहे. विमान कोणते, उंची किती, इंजिनाचे काय झाले, काही नाही, फक्त माणूस. हे वाचायला सोपे वाटते. प्रत्यक्षात आम्हा वैमानिकांची वाचाच बसली. मी माझ्या एका कोर्समेटविषयी बोलायला उभा राहिलो आणि चौथ्या वाक्यालाच ‘फायनल टर्नवर’ (उतरण्याआधीच्या शेवटच्या वळणावर) हे शब्द तोंडून गेले. बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, ते पुढच्या महिन्यात." मग बराच वेळ मला त्याच्याविषयी काही सुचेना, आणि अखेर सुचले ते असे की तो पोहे करायला शिकण्यासाठी आमच्या नागपूरच्या घरी चार दिवस राहिला होता आणि त्याने आईला विचारून विचारून हळदीचे प्रमाण हातावर लिहून घेतले होते. त्याच्या मृत्यूनंतर इतक्या वर्षांत हे मला एकदाही आठवले नव्हते.

तिसरी बैठक पूर्णपणे कारणांची असते आणि संपूर्ण सेवेचा गाभा तीच आहे. ज्याच्याकडे चौकशीचा अहवाल किंवा त्याचा सारांश असेल त्याने तो आणायचा आणि त्यातील सर्वांत बोचणारे वाक्य वाचून दाखवायचे. नागपूरकरांना यासाठी लांबचे उदाहरण नको. ७ ऑगस्ट २०२० च्या कोळिकोड विमान अपघातात गेलेले वैमानिक कॅप्टन दीपक साठे या शहराचे. त्यांचे आई-वडील येथेच राहात होते, आणि त्या आठवड्यात ज्यांनी त्यांच्या घराबाहेरची गर्दी पाहिली त्यांच्या मनात शौर्याचीच गोष्ट राहिली. पुढच्या वर्षी आलेल्या अहवालाने मात्र विमान चालवणाऱ्या वैमानिकाने ठरलेल्या कार्यपद्धतीचे पालन न करणे हे संभाव्य कारण मानले. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाविषयीच्या आहेत आणि त्यांतील एक खरी ठरवण्यासाठी दुसरी खोटी ठरवण्याची गरज नाही, हे बाईंनी व्याख्यान न देता आमच्याकडूनच वदवून घेतले. त्यांनी एवढाच प्रश्न केला, "याच्याऐवजी अहवालात यंत्राचा दोष निघाला असता तर तुम्हाला तो कमी आठवला असता की जास्त?" उत्तर देण्याची घाई कोणी केली नाही.

बाई स्वतः कधी विमानात वैमानिकाच्या जागी बसलेल्या नाहीत आणि तसा आवही आणत नाहीत. मात्र त्यांनी तपास विभागाचे अहवाल वाचलेले आहेत, परिभाषेचे कोठे अडले तर त्या सरळ ‘म्हणजे काय?’ असे विचारतात, आणि समजावून सांगता सांगता माणूस बोलता होतो. जिवंत मागे उरलेल्याच्या अपराधगंडाविषयीच्या चौथ्या बैठकीत मात्र त्यांची तयारी अपुरी वाटली. विषय असा की या शहराला तो जुनाच आहे. १९४९ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली टपालाची विमाने मध्यरात्री सोनेगावला एकत्र येत, टपालाची अदलाबदल करीत आणि परत फिरत. १२ डिसेंबर १९५३ रोजी त्या सेवेतील मद्रासकडे निघालेले डकोटा विमान उड्डाणानंतर लगेच कोसळले. १४ पैकी १३ जण गेले आणि एकटा वैमानिक वाचला. ज्याच्या हाती विमान होते तोच मागे उरणे म्हणजे काय, यावर दोन तास पुरले नसते. बाईंनी त्याऐवजी एक रिकामी खुर्ची मधोमध ठेवली आणि तिच्यावर आपला मित्र बसला आहे असे समजून त्याच्याशी बोलायला सांगितले. मला हा प्रकार नाटकी वाटला. त्यानंतर त्याला पत्र लिहायचे होते, आणि गटाची भाषा मराठी म्हणून पत्रही मराठीत. माझा मित्र अमृतसरचा सरदार होता. ज्याच्याशी आयुष्यात एक वाक्य मराठीत बोललो नाही त्याला ‘सप्रेम नमस्कार’ लिहून पुढे काय लिहिणार? मी कागदाची घडी करून खिशात ठेवली. शेजारच्या खुर्चीवरील तरुण प्रशिक्षक मात्र तीन पाने लिहून ढसढसा रडला, तेव्हा या पद्धतीविषयी माझे मत अंतिम मानू नये.

पाचव्या बैठकीतील एक प्रसंग येथे लिहीत आहे. ज्यांचा तो आहे त्यांची परवानगी मी घेतली आहे, आणि ओळख पटेल असे काही ठेवलेले नाही.

हवाई दलात अधिकारी गेला की त्याच्या सामानाची नोंद करण्यासाठी एक समिती नेमतात. तिला कमिटी ऑफ ॲडजस्टमेंट म्हणतात. दलातील मृतांच्या खासगी मालमत्तेविषयी १९५० चा कायदाच आहे. बहुधा स्क्वॉड्रनमधलेच दोघे-तिघे बसतात, त्याची खोली उघडतात आणि एक एक वस्तू लिहून काढतात. मेसचे बिल वगैरे देणी भागवतात आणि उरलेले सामान यादीसह घरी पाठवतात. मी हे काम दोनदा केले आहे. लोकरी मोजे, ३ जोड. दाढीचा ब्रश, १. इस्त्रीला गेलेले शर्ट, २, यांसाठी धोब्याला निरोप. अर्धी संपलेली टूथपेस्ट लिहावी की टाकून द्यावी यावर आम्ही तिघांनी पाच मिनिटे चर्चा केली होती आणि शेवटी ती लिहिली.

मी हे सांगत होतो तेव्हा समोर बसलेल्या एका वहिनींनी पिशवीतून प्लास्टिकच्या पाकिटात जपलेला टंकलिखित कागद काढला. त्यांचे पती दुसऱ्या स्क्वॉड्रनचे, आणि अपघाताला आता सत्तावीस वर्षे झाली. तो कागद म्हणजे तशीच एक यादी होती. मी आयुष्यात अशा याद्या लिहिल्या होत्या, त्या कोणी जपून ठेवते हे पाहिले नव्हते. त्यांनी बोट ठेवले ते एकविसाव्या ओळीवर. तेथे इंग्रजीत लिहिले होते, ‘की, लूज, वन’. म्हणजे एक सुटी किल्ली.

"सर, ही चाबी कशाची असेल हो? मी घरातल्या सगळ्या कुलपांना लावून पाहिली. माहेरच्या ट्रंकांनासुद्धा. सासूबाईंना वाटायचं, त्यांनी कुठे काही ठेवलं असेल आणि मी सांगत नाहीये."

मला उत्तर माहीत होते, कारण एकदा कटर माझ्याच हातात होता. क्रू रूममध्ये प्रत्येक वैमानिकाचे एक लॉकर असते आणि त्याला कुलूप तो स्वतःचे लावतो. त्यातील हेल्मेट, जी-सूट हा उड्डाणाचा दाबपोशाख हे सगळे सरकारी, त्यामुळे ते खासगी यादीत येत नाही. लॉकर रिकामे करायचे तर कुलूप तोडावे लागते, आणि तुटलेले कुलूप कोणी लिहीत नाही. मग दोन दिवसांनी खोलीतील टेबलाचा खण उघडावा तर त्यात जोडीची दुसरी किल्ली सापडते. ती मात्र खासगी वस्तू, म्हणून ती लिहावीच लागते. मी हे सांगितले.

"मग पहिली?" त्यांनी विचारले.

"ती त्यांच्या खिशात होती, वहिनी."

त्यांनी मान हलवली. मग कागद पुन्हा पाकिटात घालत त्या म्हणाल्या, "म्हणजे कपाट नव्हतंच कुठे." खोलीत कोणी बोलले नाही आणि बाईंनीही कोणाला बोलायला लावले नाही. बाहेर आल्यावर मला त्यांनी विचारले की त्या वेळच्या कोणाला पत्र लिहिले असते तर हे कळले असते का. मी म्हणालो, कळले असते, एका पोस्टकार्डात. सत्तावीस वर्षे तो प्रश्न कोणाला विचारावा हेच त्यांना ठाऊक नव्हते, आणि ज्यांना उत्तर ठाऊक होते त्या आम्हाला हा प्रश्न असेल हे सुचले नव्हते. वैमानिक आणि कुटुंबीय यांना एकाच खोलीत बसवण्याचा बाईंचा निर्णय मला आधी पटला नव्हता, कारण बायकांपुढे आम्ही मोकळे बोलणार नाही असे मला वाटे. ती माझी चूक होती.

आता गंभीर दोष. दारातच एक नोंदवही असते आणि तिच्यात पूर्ण नाव, मोबाइल क्रमांक आणि ‘सध्याची नोकरी’ लिहून घेतात. ही वही टेबलावर उघडी पडलेली असते. निवृत्तांना याचे काही वाटत नाही. सेवेतील वैमानिकाला वाटते, आणि वाटायलाच हवे, कारण त्याचे पोट वैद्यकीय प्रमाणपत्रावर अवलंबून असते आणि ‘समुपदेशन घेतो’ हे वाक्य त्याच्या कंपनीत कोणत्या कानाने ऐकले जाईल याचा नेम नाही. दुसऱ्या बैठकीला एक तरुण सहवैमानिक आला, त्याने वही पाहिली, वॉशरूमला जाऊन येतो म्हणाला आणि परत आलाच नाही. आपल्या शहरात मनाच्या आजाराचा पत्ता अजूनही ‘पागलखाना चौक’ या नावानेच सांगतात, त्यामुळे त्याला दोष देता येत नाही.

ही भीती एकट्यादुकट्याची नाही. अहमदाबादच्या अपघातानंतर चार दिवसांनी एकाच दिवशी एअर इंडियाच्या ११२ वैमानिकांनी आजारी असल्याचे कळवले, असे सरकारने नंतर लोकसभेत सांगितले. त्यांत ५१ कमांडर, म्हणजे मुख्य वैमानिक, आणि ६१ सहवैमानिक होते. त्यांना काय होत होते हे त्या आकड्यात लिहिलेले नाही, आणि रजेच्या अर्जातही बहुधा पोटदुखीच लिहिलेली असणार. युरोपात जर्मनविंग्जच्या सहवैमानिकाने २०१५ साली विमान मुद्दाम डोंगरावर पाडले, त्यानंतर प्रत्येक विमान कंपनीला सहकाऱ्यांकडून सहकाऱ्यांना आधार देणारी गोपनीय यंत्रणा ठेवणे फेब्रुवारी २०२१ पासून बंधनकारक झाले. आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने फेब्रुवारी २०२३ च्या परिपत्रकात तशी यंत्रणा ठेवण्याची शिफारस केली आहे. अशा यंत्रणेचा जीव गोपनीयतेत असतो. बाई तोंडी हमी देतात आणि त्यांच्या सचोटीविषयी मला शंका नाही. पण काय नोंदले जाते, कोठे ठेवले जाते आणि किती दिवसांनी फाडले जाते हे एका पानावर लिहून सहीनिशी हाती मिळत नाही तोवर सेवेतील वैमानिकाला मी हा गट सुचवणार नाही. त्याला निनावी बोलायचे असेल तर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येते. विमानातले काही त्यांना समजणार नाही, एवढे गृहीत धरून फोन करावा.

मी वहीविषयी तक्रार केली होती. सहाव्या बैठकीला ती टेबलावर नव्हती, बाईंच्या पर्समध्ये होती. तूर्तास सुधारणा एवढीच.

बुधवारची वेळही चुकीची आहे. या भागात अशा आधाराची सर्वांत जास्त गरज कोणाला आहे, असे मला विचारले तर मी गोंदियाजवळच्या बिरसीतील वीस-बावीस वर्षांच्या उड्डाण प्रशिक्षणार्थींकडे बोट दाखवीन. एप्रिल २०१७ मध्ये वैनगंगेवरील तारेत अडकून आणि मार्च २०२३ मध्ये बालाघाटच्या डोंगरात, तेथून उडालेल्या प्रशिक्षण विमानांतील प्रशिक्षक आणि विद्यार्थी असे दोघे दोघे गेले. बॅचमधली मुलगी सकाळी उड्डाणाला गेली आणि संध्याकाळी तिचा पलंग तसाच, हे सोसण्याचा आमच्यासारखा रेजिमेंटी सराव त्या मुलांना नसतो, आणि फीचे लाखो रुपये भरलेले असल्यामुळे सोडून जाण्याचीही सोय नसते. गोंदिया नागपूरपासून रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर आहे. बुधवारी साडेआठला सुटणाऱ्या बैठकीला ती मुले येऊन दुसऱ्या सकाळच्या उड्डाणाला कशी पोहोचणार? शुल्क माफ करून भागत नाही, रविवार द्यावा लागेल. मी हे लेखी कळवले आहे आणि प्रशिक्षणार्थींसाठी रविवारी येऊन बसण्याची माझी तयारीही त्यात नोंदवली आहे.

किरकोळ गोष्टी. गाडी लावायला जागा नाही. शंकरनगर चौकाच्या मेट्रो स्थानकावर उतरून चालत येणे बरे. लिफ्ट आहे, पण दवाखाना बंद झाला की ती बंद करतात. चहा मिळत नाही, खालच्या टपरीवर घ्यावा लागतो. बैठक संपल्यावर निम्मा गट तेथेच अर्धा तास उभा असतो आणि टपरीवाला आता आम्हाला ओळखतो. एकदा आम्ही सगळे गप्पच होतो तर तो म्हणाला, "काहून जी, आज मॅडमनं लई रागावलं का?" त्या संध्याकाळचे पहिले हसू ते होते.

पुढच्या सहा बैठकांचे तीन हजार मी भरले आहेत. वहिनी येणार आहेत आणि किल्ली दाखवायला आणणार आहेत. खुर्च्यांना पाठ नीट नाही, तेव्हा इजेक्ट होऊन मणका दुखावलेल्यांनी घरून उशी आणावी.